अंगावरच्या दुधातले जिवाणू आणि बाळंतिणीचे ताट

गेल्या महिन्यात चिकाच्या दुधाविषयीच्या एका प्रश्नाला उत्तर देताना, निरोगी मातेच्या दुधातही जिवाणू असतात, असे एक वाक्य मी ओघात लिहून गेले. त्या वाक्याने नाशिक शहरातल्या आणि जिल्ह्यातल्या बऱ्याच घरांची झोप उडवली, असे आलेल्या पत्रांवरून दिसते. काहींना दूध नासले की काय अशी धास्ती वाटली, तर काहींनी हे जिवाणू ‘चांगले’ व्हावेत म्हणून बाळंतिणीला काय वाढावे, याची यादीच मागितली. यादी मी देणार नाही. मात्र त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे, आणि पहिल्या पत्राला सर्वांत अधिक जागा देत आहे, कारण बाकीच्या चारही पत्रांची मुळे त्यात आहेत.

निफाड तालुक्यातून एक बाळंतीण लिहितात : माझे बाळंतपण माहेरी झाले असून बाळ पाच आठवड्यांचे आहे. आई आणि आजी मला दोन्ही वेळा बाजरीची भाकरी, तूप, मेथीची किंवा शेपूची भाजी, लसणाची चटणी आणि सकाळी डिंकाचा अथवा हळिवाचा लाडू देतात. डाळी वातूळ म्हणून बंद, फळे थंड म्हणून बंद, आणि दह्याचे तर नावच काढायचे नाही. घराभोवती द्राक्षांची बाग असून मला एक मणी चाखता येत नाही. आईने तंतुमय पदार्थ आणि दही खाल्ले, की दुधात चांगले जिवाणू वाढतात, असे मी मोबाइलवर वाचले. ते आईला सांगितल्यावर ती म्हणाली, “दुधात जिवाणू असते, तर तुम्ही पाच भावंडे वाढलात कशी?” आमच्यापैकी बरोबर कोण?

उत्तर : तुमच्या आईंचा प्रश्न चांगला आहे, आणि त्याचे उत्तर असे की, तुम्ही पाच भावंडे वाढलात त्यात त्या जिवाणूंचाही हातभार होता. अंगावरचे दूध निर्जंतुक असते, असे आम्हा डॉक्टरांनाही शिकवले गेले होते. दुधाच्या नमुन्यात जिवाणू सापडले, तर ते त्वचेवरून आले असतील किंवा नमुना घेताना कुणाचा हात लागला असेल, असे म्हणून तो विषय तिथेच मिटवला जाई. २००३ साली स्पेनमधील संशोधकांनी निरोगी मातांच्या दुधात लॅक्टिक आम्ल तयार करणारे, म्हणजे आपल्या विरजणाच्या गोतावळ्यातले, जिवाणू सापडल्याचे प्रसिद्ध केले आणि हा समज ढळू लागला. पुढे जिवाणू बशीत वाढवून पाहण्याऐवजी त्यांचा डीएनए वाचण्याची तंत्रे आवाक्यात आली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात १६ मातांचे दूध निरनिराळ्या वेळी तीनदा तपासले गेले, तेव्हा जिवाणूंच्या नऊ प्रजाती प्रत्येक नमुन्यात आढळल्या, मात्र त्यांचे परस्परांशी प्रमाण दर बाईचे निराळे होते. बहुतेक अभ्यासांत स्टॅफिलोकॉकस आणि स्ट्रेप्टोकॉकस या दोन प्रजाती आघाडीवर असतात. ज्यांचे कौतुक अधिक होते ते बायफिडोबॅक्टेरियम आणि लॅक्टोबॅसिलस संख्येने बहुधा थोडे असतात, आणि काही मातांत सापडतही नाहीत.

संख्येचाही अंदाज द्यायला हवा, नाही तर कल्पनेला धरबंध राहत नाही. दिवसाला सुमारे ८०० मिलिलिटर दूध पिणाऱ्या बाळाच्या पोटात दुधावाटे साधारण एक लाख ते एक कोटी जिवाणू जातात, असा हिशेब मांडला जातो. आकडा मोठा वाटतो. पण घरच्या ताज्या दह्याच्या एका चमच्यातही याहून अधिक जिवाणू असतात. तेव्हा हे दूध म्हणजे काही विरजण नव्हे. ते एक बेताचे, पण रोज दहा-बारा वेळा लागणारे बोट आहे, आणि नवजात बाळाचे आतडे हे जवळजवळ मोकळे शेत असल्यामुळे त्या बोटाला अर्थ येतो. २०१७ साली अमेरिकेत १०७ माता-बालकांच्या जोड्यांवर झालेल्या अभ्यासात, मुख्यतः अंगावर पिणाऱ्या बाळांच्या आतड्यातील जिवाणूंपैकी पहिल्या महिन्यात सुमारे २८ टक्के मातेच्या दुधातून आणि सुमारे १० टक्के स्तनाग्राभोवतीच्या त्वचेवरून आल्याचे दिसले.

हे जिवाणू दुधात येतात कोठून, हे समजल्याखेरीज आहाराचा प्रश्न सुटत नाही. काही मातेच्या त्वचेवरून येतात, हे उघड आहे. काही बाळाच्या तोंडातून येतात: पान्हा फुटतो तेव्हा दुधाच्या नळ्या रुंदावतात आणि थोडे दूध उलट आत जाते, हे अल्ट्रासाउंडने प्रत्यक्ष पाहिले गेले आहे, आणि त्या उलट्या ओघाबरोबर बाळाच्या लाळेतले जिवाणू आत शिरतात. दूध आईकडून बाळाकडे जाते आणि बाळाचे काही आईकडे परत येते, ही देवघेव मला तरी मोठी विलक्षण वाटते. तिसरी वाट मातेच्या आतड्यातून स्तनापर्यंतची. आतड्याच्या भिंतीतल्या संरक्षक पेशी काही जिवाणूंना किंवा त्यांच्या अंशांना उचलून गरोदरपणाच्या अखेरीस आणि बाळंतपणानंतर स्तनाकडे नेतात, अशी मांडणी करण्यात आली आहे; मानवी शरीरात ती वाट किती वाहती आहे यावर शास्त्रज्ञांत अजून मतभेद आहेत. “आईने जे खाल्ले त्याचे जिवाणू दुधात उतरतात” या वाक्याचा सारा भार या तिसऱ्या वाटेवर आहे, आणि ही वाट तिन्हींत सर्वांत कमी पक्की आहे.

आता आहार. त्याचा परिणाम शोधणारे अभ्यास झाले आहेत, आणि ते लहान आहेत. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या स्पेनमधील १२० मातांच्या अभ्यासात, वनस्पतिज प्रथिने, तंतू आणि कर्बोदके अधिक खाणाऱ्या आणि प्राणिज प्रथिने व स्निग्ध पदार्थ अधिक खाणाऱ्या अशा दोन गटांच्या दुधातील जिवाणूंची तुलना केली गेली. काही संबंध आढळले. पण प्रसूती कशी झाली आणि प्रतिजैविके घेतली होती का, यावर ते संबंध बदलत होते. शिवाय असा संबंध म्हणजे कारण नव्हे: भाज्या-डाळी भरपूर खाणारी माता इतर दहा बाबतींतही वेगळी असते. अमेरिकेत मोजक्या मातांना काही दिवसांपुरता ठरवून दिलेला आहार देऊन केलेल्या प्रयोगात, आहारातील साखरेचा प्रकार किंवा स्निग्ध-कर्बोदकांचे प्रमाण बदलल्यावर दुधातील ऑलिगोसॅकराइड नावाच्या शर्करा बदलल्या आणि त्यांबरोबर जिवाणूंच्या जनुकांच्या साठ्यातही फरक पडला.

या शर्करांविषयी थोडे थांबून सांगते, कारण मला खरा मुद्दा त्यांच्यात दिसतो. लॅक्टोज आणि स्निग्धांश यांच्यानंतर मातेच्या दुधात सर्वांत जास्त असलेला घनपदार्थ म्हणजे ह्या शर्करा. चिकानंतर येणाऱ्या दुधात त्या लिटरला साधारण ५ ते १५ ग्रॅम असतात, चिकात त्याहून अधिक. त्यांचे दीडशेहून अधिक प्रकार ओळखले गेले आहेत. गंमत अशी की बाळाला त्या पचवता येत नाहीत. त्या पोटातून तशाच मोठ्या आतड्यात पोहोचतात आणि तेथे बायफिडोबॅक्टेरियमसारख्या जिवाणूंचे अन्न होतात. म्हणजे आईच्या शरीराने बाळासाठी रांधता रांधता, बाळाच्या पोटातल्या पाहुण्यांचेही पान वाढले आहे. दुधातून किती जिवाणू गेले यापेक्षा, गेलेल्या जिवाणूंना पुढे खायला काय मिळाले, याचे वजन बहुधा जास्त आहे. आणि ह्या शर्करांचे कोणते प्रकार तयार व्हायचे, हे बऱ्याच अंशी मातेच्या जनुकांवर ठरते, तिच्या ताटावर नव्हे. आहाराचा धागा आहे. पण त्याला लोंबकळता येईल इतका तो जाड नाही.

मग तुमचे ताट. मोबाइलवरचा सल्ला आणि आजींचे ताट यांत तुम्हाला वाटते तेवढे भांडण नाही. बाजरीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ११ ग्रॅम तंतू असतात. पेठ-सुरगाण्याकडची नागली जवळपास तेवढीच, तर पॉलिश केलेला तांदूळ ३ ग्रॅमांच्या आत. लसणात आणि तुमच्या लासलगावच्या कांद्यात फ्रुक्टन नावाचे तंतू असतात, जे आपल्याला पचत नाहीत पण आतड्यातल्या जिवाणूंना आवडतात. डिंक हा तर जवळजवळ निव्वळ विद्राव्य तंतूच, आणि भिजलेल्या हळिवाला सुटणारा बुळबुळीत चीकही त्याच जातीचा. तंतूंसाठी म्हणून परदेशी ओट्स मागवून आजींचा अपमान करण्याचे काही कारण नाही.

भांडावे ते बंद केलेल्या गोष्टींसाठी. डाळीने वात धरतो तो तुमच्या आतड्यात. तेथला वायू रक्तात जाऊन दुधात बुडबुडे काढीत नाही, आणि बाळाचे पोट दुखण्याची कारणे वेगळी असतात. मूग, मसूर यांपासून सुरुवात करावी, सोसल्यावर मटकी आणि तूर घ्यावी. फळ थंड असते म्हणजे काय, याचा अर्थ मला आजवर नीट उमगलेला नाही. स्वच्छ धुतलेली द्राक्षे, पेरू, पपई, केळे यांपैकी काहीही खाल्ल्याने दूध थंड होत नाही, आणि पेरूतले क जीवनसत्त्व बाजरी-मेथीतले लोह अंगी लागायला मदत करते. दही खावे; पण त्यातले जिवाणू दुधात जाऊन बसतील म्हणून नव्हे. त्यातून तुम्हाला प्रथिने, कॅल्शियम आणि थोडे बी-१२ मिळेल, एवढ्यासाठी.

बी-१२ चा उल्लेख मुद्दाम केला. मातेच्या आहाराचा परिणाम दुधावर होतो, पण तो सगळीकडे सारखा नसतो. लॅक्टोज, प्रथिने, कॅल्शियम, लोह यांचे दुधातील प्रमाण आई काय खाते त्यावर फारसे हलत नाही. कमी पडले तर शरीर ते आईच्या हाडांतून आणि साठ्यांतून काढून बाळाला देते. याउलट स्निग्धांशाचा प्रकार, अ जीवनसत्त्व, बी-१, बी-१२ आणि आयोडीन यांचे प्रमाण आईच्या आहाराबरोबर आणि साठ्याबरोबर खाली-वर होते. दूध, दही, अंडी यांतले काहीच न खाणाऱ्या शाकाहारी मातांच्या बाळांमध्ये बी-१२ च्या अभावामुळे रक्तक्षय, सुस्ती, शिकलेल्या हालचाली विसरणे आणि कधीकधी अंगाला कंप सुटणे, अशी लक्षणे आम्ही बालरोगतज्ज्ञ पाहतो. दुधातल्या जिवाणूंच्या चिंतेत जितक्या रात्री जागवल्या जातात, त्यांतली एक रात्र या बी-१२ ला दिली असती, तर मला आनंद झाला असता.

तेव्हा बरोबर कोण? ताटात जे आहे त्याबाबत आई आणि आजी; जे नाही त्याबाबत तुम्ही. स्तनदा मातेला पहिल्या सहा महिन्यांत नेहमीपेक्षा रोज सुमारे ६०० किलोकॅलरी आणि १७ ग्रॅम प्रथिने जादा लागतात, अशी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची शिफारस आहे. लाडवांनी कॅलरी भरून निघतील, प्रथिनांसाठी मात्र वरणाची वाटी लागेल. आईंना हे वाचून दाखवा, आणि वाचताना बाळ त्यांच्या मांडीवर असू द्या. त्या वेळी त्यांचा आवाज चढत नाही, असा माझा अनुभव आहे.

सिन्नरहून एक वडील लिहितात : आमचे बाळ दोन महिन्यांचे आहे. पत्नीला एका बाजूला गाठ येऊन दोन दिवस ताप होता. तो उतरला आणि गाठही विरघळली. तरीही कुणाच्या तरी सांगण्यावरून आम्ही दुधाची तपासणी करून घेतली. अहवालात ‘स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस’ची वाढ दाखवली आहे. नातेवाइकांच्या आग्रहाखातर चार दिवसांपासून बाळाला डब्याची पावडर देत आहोत, आणि दूध ‘शुद्ध’ व्हावे म्हणून पत्नी केवळ मुगाची खिचडी खात आहे. पुन्हा तपासणी कधी करावी?

उत्तर : पुन्हा तपासणी करू नये. हा जिवाणू तुमच्या, माझ्या आणि ज्यांनी नमुना घेतला त्यांच्याही त्वचेवर आहे, आणि निरोगी मातांच्या दुधात सर्वांत नेहमी सापडणाऱ्यांपैकी तो एक आहे. तो नसता तरच अहवालाचे आश्चर्य वाटले असते. आज, हे वाचून होताच, बाळाला अंगावर घ्यावे.

थोडे सविस्तर सांगते, कारण चूक तुमची नाही. लघवीत किंवा रक्तात जिवाणू सापडला, तर तो शोधून मारायचा, ही आपल्या मनात बसलेली रीत दुधाला लावता येत नाही. स्तनदाह झालेल्या मातेच्या दुधाची तपासणी कधी करावी, हे ठरलेले आहे: प्रतिजैविके सुरू करून दोन दिवसांत उतार पडला नाही, त्रास पुन्हा पुन्हा झाला, संसर्ग रुग्णालयात लागला असावा अशी शंका असली, किंवा दुखणे फार तीव्र असले तर. तेव्हा आपण बहुधा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा दुसरा, खोडकर भाऊ शोधत असतो. तुमच्या पत्नीच्या बाबतीत यांपैकी काहीच नव्हते. गाठ आली असतानाही बाळाला पाजणे थांबवायचे नसते; त्या बाजूने पाजत राहिल्याने निरोगी, पूर्ण दिवसांच्या बाळाला अपाय होत नाही, आणि अचानक बंद केल्याने दूध साकळून दुखणे वाढते. नवजात अतिदक्षता विभागातील कमी दिवसांच्या बाळांचे नियम वेगळे असतात, ते तेथील डॉक्टर सांगतात.

खिचडीने दूध शुद्ध होत नाही, कारण ते अशुद्ध झालेच नव्हते. चार दिवस एकच पदार्थ खाऊन आणि बाळ अंगावर न घेऊन दूध कमी झाले असेल, त्याचा उपाय दर दोन-अडीच तासांनी, रात्रीसुद्धा, बाळाला पाजणे हाच आहे. पावडर एकदम न तोडता, अंगावरचे पाजून झाल्यावर लागली तर द्यावी, आणि वजन पाहत पाहत आठवडाभरात काढून टाकावी. डब्याच्या दुधावर बाळाच्या आतड्यातील जिवाणूंची घडी बदलते, हे मात्र अनेक अभ्यासांत दिसले आहे. म्हणजे एका निरुपद्रवी जिवाणूच्या भीतीने तुम्ही नेमकी तीच घडी विस्कटत होता. पुन्हा ताप भरला, स्तनाचा एखादा भाग लाल, कडक आणि दुखरा झाला आणि दिवसभरात उतार पडला नाही, तर डॉक्टरांना स्तन दाखवावा, बाटलीत भरलेले दूध नव्हे.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करणाऱ्या एक वाचक लिहितात : सव्वीस आठवड्यांची रजा संपत आली. पंपाने काढून ठेवलेल्या दुधात वाईट जिवाणू वाढतात, असे ऐकले. मी आहारात काही बदल केला तर ते टळेल का?

उत्तर : आहाराने टळणार नाही, साबणाने टळेल. कॅनडात ३९३ मातांच्या दुधाचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात दुधातील जिवाणूंच्या रचनेशी सर्वांत ठळक संबंध दिसला तो बाळ थेट अंगावर पिते की दूध पंपाने काढले जाते, याचा. पंपाच्या दुधात बायफिडोबॅक्टेरियम कमी आणि संधी साधून त्रास देऊ शकणारे जिवाणू अधिक होते. बाळाच्या लाळेची देवघेव थांबते आणि तिच्या जागी नळी, झडप आणि बाटली येते, असे त्याचे एक स्पष्टीकरण आहे. तरीही पंपाने काढलेले दूध हे पावडरीहून सरसच, हे विसरू नये.

दूध काढण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत. पंपाचे जे भाग दुधाला लागतात, ते प्रत्येक वापरानंतर सुटे करून गरम पाण्याने व साबणाने, स्वतंत्र भांड्यात धुवावेत आणि पूर्ण वाळू द्यावेत. ओले पंप पिशवीत कोंबून ठेवणे, हे माझ्या पाहण्यातले सर्वांत मोठे पातक आहे. काढलेले दूध २५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानात चार तास चांगले राहते. पण एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा ते लगेच फ्रिजमध्ये किंवा बर्फाच्या डब्यात जायला हवे. फ्रिजच्या आतल्या भागात, दारात नव्हे, ते चार दिवसांपर्यंत ठेवता येते. देताना वाटी कोमट पाण्यात धरून गरम करावे, उकळू नये. दुग्धपेढीत, म्हणजे मातांनी दान केलेले दूध साठवतात तेथे, दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटे तापवून जिवाणू मारतात, तेव्हा त्यातले भलेबुरे दोन्ही जातात. आशियातील पहिली अशी पेढी डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मुंबईच्या सायन रुग्णालयात सुरू केली, आणि तेथे ते आवश्यकच असते, कारण दूध परक्या आजारी बाळासाठी असते. घरी, स्वतःच्या बाळासाठी, त्याची गरज नाही.

सकाळी निघण्यापूर्वी, घरी आल्याबरोबर, रात्री आणि सुट्टीच्या दिवशी थेट अंगावर पाजावे. बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या वेळेत बाळाला पाजण्यासाठी दोन सुट्ट्या मिळण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे. घर जवळ असेल तर त्यांचा उपयोग करावा. तुमचे बाळ सहा महिन्यांचे होऊन वरणभात, नागलीचे सत्त्व खाऊ लागले, की त्याच्या आतड्यातले जिवाणू त्या अन्नाबरोबर बदलतीलच.

नाशिक रोडहून एक वाचक लिहितात : माझे सिझेरियन झाले आणि पाच दिवस प्रतिजैविके दिली गेली. दुधातले चांगले जिवाणू गेले असतील, म्हणून जिवाणूंच्या कॅप्सूल घ्याव्यात असे मैत्रीण सुचवते. घ्याव्यात का?

उत्तर : प्रतिजैविकांनी दुधातील व आतड्यातील जिवाणूंवर परिणाम होतो, हे खरे, पण तो कायमचा शिक्का नसतो. सिझेरियनमुळे दूध बदलते का, यावर अभ्यासांचे निष्कर्ष परस्परविरोधी आहेत. कॅप्सूलबाबत सांगायचे तर, २०१० साली स्पेनमध्ये स्तनदाह झालेल्या ३५२ मातांवर झालेल्या चाचणीत, मातेच्या दुधातूनच वेगळ्या केलेल्या लॅक्टोबॅसिलसच्या दोन विशिष्ट वाणांनी प्रतिजैविकांपेक्षा चांगला गुण आला होता. वाण म्हणजे जातीच्याही आतली जात: सगळी द्राक्षे थॉम्पसन नसतात, तसेच सगळे लॅक्टोबॅसिलस तेच नसतात, आणि दुकानातल्या कॅप्सूलमध्ये बहुधा ते वाण नसते. शिवाय त्या माता आजारी होत्या, तुम्ही नाही. ते पैसे फळे-अंड्यांवर खर्च करावेत आणि बाळाला उघड्या अंगाने छातीशी धरून वारंवार पाजावे. पुढच्या सर्दीला उगाच प्रतिजैविक न घेणे, हे बाजारातल्या कुठल्याही कॅप्सूलपेक्षा तुमच्या जिवाणूंच्या अधिक कामी येईल.

पंचवटीहून एक आजी लिहितात : सून तीन महिन्यांच्या बाळाला पाजते आणि रविवारी सहकुटुंब मिसळ खायला जाते. तिखट आणि लसूण दुधात उतरून बाळाच्या पोटातले जिवाणू बिघडणार नाहीत का? मी आपली रोज सहाणेवर बाळगुटी उगाळून मधातून चाटवते, म्हणजे भरपाई होते.

उत्तर : आजी, लसणाचा वास दुधात उतरतो, हे तुमचे निरीक्षण शास्त्रानेही तपासून पाहिले आहे. १९९१ साली अमेरिकेत मातांना लसणाच्या कॅप्सूल देऊन दुधाचा वास घेतला गेला. तो सुमारे दोन तासांनी सर्वांत तीव्र झाला, आणि बाळे तोंड फिरवण्याऐवजी उलट अधिक वेळ अंगाला लागून राहिली. आईच्या घरची चव बाळाला अशी आधीच कळते. त्याने जिवाणू बिघडत नाहीत. तुमच्याही वेळी बाळंतिणीच्या ताटात लसणाची चटणी होतीच की.

गुटीचे मात्र थांबवावे, अशी तुम्हाला हात जोडून विनंती करते. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या पोटातून ते सहसा अपाय न करता निघून जातात, पण एका वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते उगवून विष तयार करू शकतात आणि बाळ लुळे पडते. सहाण, ओले बोट आणि उगाळलेली मुळी यांतूनही बाळाच्या पोटात जे जाते, ते दुधातल्या जिवाणूंसारखे रोजचे ओळखीचे नसते. पहिले सहा महिने पाणीसुद्धा नको, केवळ अंगावरचे दूध. ज्या हातांनी गुटी उगाळता त्यांनी बाळाला तेल लावावे.

आणि मिसळीविषयी सुनेला माझा निरोप सांगावा: तर्री बेताची, फरसाण चवीपुरते, मोड आलेली मटकी हवी तेवढी.